चहाच्या वेळी दिसणारा दोष

मी नक्की काय काम करते हे अमेरिकेत, रेडमंडमधल्या आमच्या मराठी मंडळींना अजून कळलेलं नाही. तिथे सगळे सॉफ्टवेअरवाले. "शरयू केबलमध्ये आहे," एवढं ऐकलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "मग आमच्या टीव्हीचं बघ ना यार, सारखा अडकतो." पूर्वी मी चिडायचे. अजूनही चिडते, पण आता तोंडात समोसा ठेवून चिडते.

खरं काम असं. लाखो व्होल्टची डीसी वीज जमिनीखालून न्यायची तर दंडाएवढी जाड केबल लागते. आत तांबं, त्याभोवती प्लास्टिकचं जाड इन्सुलेशन. त्यात एखादा बुडबुडा राहिला, धुळीचा कण अडकला, की तिथे आतल्या आत बारीक ठिणग्या पडतात. बाहेरून काही दिसत नाही, ऐकू येत नाही. पण त्या ठिणग्या इन्सुलेशन कुरतडत राहतात आणि एक दिवस केबल फुटते. ते व्हायच्या आधी ठिणगी पकडायची, हे माझं काम. केबलला सेन्सर लावायचे आणि पडद्याकडे बघत बसायचं.

घरातल्या एसी विजेतला दोष म्हणजे बोलघेवडी सासू. क्षणाक्षणाला कुरकुर, त्यामुळे काय दुखतंय ते लगेच कळतं. डीसीतला दोष म्हणजे न बोलणारी सासू. तासन्‌तास चकार शब्द नाही, आणि मग एकच वाक्य. ते हुकलं की तुम्ही म्हणणार, घरात सगळं कसं छान चाललंय! माझ्या सासूबाई दुसऱ्या प्रकारातल्या. त्यामुळे या क्षेत्रात आपल्याला उपजत गती आहे, असा माझा समज होता.

तर हा समज घेऊन मी गेल्या नोव्हेंबरात एका नव्या केबलच्या चाचणीवर गेले. रेडमंडपासून गाडीने तासाभरावर. रस्त्याकडेला ब्लूबेरीचे मळे, वर राखाडी आभाळ, खाली चिखल. केबलचे लांबलांब तुकडे जमिनीत टाकून जागोजागी जोडले होते. एकेक जोड म्हणजे एकेक जॉइंट. दोष निघाला तर बहुतेक जॉइंटमध्येच निघतो, कारण बाकीची केबल कारखान्यात यंत्र बनवतं आणि जॉइंट माणूस बनवतो.

इथे तो माणूस होती डार्लीन. साठीला टेकलेली, धिप्पाड, तांबूस केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज असा की नदीपलीकडची गाय वळून बघेल. जॉइंट बनवताना त्यावर पांढरा तंबू ठोकतात आणि आत ऑपरेशन थिएटरसारखी स्वच्छता ठेवतात. मी तपासणीला यायचे. सगळे जॉइंट तपासायचे होते, पण खरं सांगते, चिखलात चालायचा मला भयंकर कंटाळा. म्हणून मी निवांत तपासला तो एकच, सात नंबरचा, कारण तो रस्त्याला लागून होता. बाकीच्यांना लांबून नमस्कार.

"टोपी," डार्लीन दारातच म्हणाली. तिचं इंग्रजी मी मराठीत सांगतेय, आणि मधले काही शब्द गाळतेय.

मी टोपी घातली. पण माझी वेणी ही माझी एकुलती एक दौलत आहे. कमरेपर्यंत. पिकायला लागली तशी मी तिला महिन्याला मेंदी लावते, पण कापली नाही. ती काय त्या कागदी टोपीत मावणार? मी ती पाठीवर सोडली आणि वाकून भिंग लावून इन्सुलेशन बघायला लागले. वेणी घसरून पुढे आली.

"वेणी!" डार्लीन ओरडली.

मी वेणी अशी काही मागे टाकली की नाटकातली राणीसुद्धा टाकणार नाही. "मी हे काम बरीच वर्षं करतेय," मी म्हटलं.

"मीही," ती म्हणाली. "आणि माझा एकही जॉइंट आजवर परत आलेला नाही." तिने इन्सुलेशन पुन्हा पुसलं, त्यावर रबराची जाड बाही चढवली आणि मला बाहेर काढलं. त्या दिवसापासून आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

सगळे जॉइंट झाले, माती पडली, आणि केबल पूर्ण दाबाने चालू केली. आता आठवडाभर तिच्यावर कान लावून बसायचं होतं. त्यासाठी आमची व्हॅन. व्हॅन कुठे उभी केली? सात नंबरपाशी. चिखल, दुसरं काय.

व्हॅनमध्ये मी आणि हिमानी. हिमानी पुण्याची, नुकतीच नोकरीला लागलेली, बॉब केलेले केस, हुशार. तिची मुलाखत मीच घेतली होती. व्हॅनमध्ये मी कायदा लावला. विजेचं कुठलंही उपकरण चालणार नाही. सेन्सर इतके नाजूक की आसपासची फालतू ठिणगीही पकडतात. हीटर बंद. मोबाइल गाडीत. विजेची किटली बंद. हिमानीच्या मनगटावरचं घड्याळसुद्धा मी काढायला लावलं.

"शरयूताई, निदान हीटर तरी," हातमोजे चोळत ती म्हणाली.

"थंडी सोस. शिस्त म्हणजे शिस्त."

पण चहा हवाच ना? आणि टीबॅगचं ते पिवळं पाणी मी पीत नाही. चहा उकळावा लागतो, आलं ठेचून. म्हणून मी घरून कॅम्पिंगचा छोटा गॅस आणला होता आणि तो पेटवायला नागपूरहून आणलेला लायटर. दांडीचा, टक्‌ करून ठिणगी पाडणारा. तो मी अमेरिकेत दर घरी बरोबर नेलाय. इथल्या शेगड्या आपोआप पेटतात, तरी तो ओट्यावर असतोच. व्हॅनच्या मागच्या दाराशी बसून मी चहा करायचे आणि मनात म्हणायचे, बघा, याला म्हणतात डोकं. गॅसला कुठे आलीये वीज?

दुसऱ्याच दिवशी पडद्यावर रेघ उमटली. एकच. स्वच्छ, टोकदार. मी टाळीच वाजवली. मग दुपारी दोन. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. आणि जागा? कुठल्या सेन्सरला किती तीव्र दिसतंय त्यावरून मी जागा काढली. सात नंबर.

"पण या सकाळी आणि दुपारीच का येतात?" हिमानीने विचारलं.

अहाहा, काय प्रश्न! त्यावर मी एक अख्खी थिअरी रचली. दिवसा जमीन तापते, इन्सुलेशनमध्ये साठलेला विद्युतभार सरकतो आणि दोषापाशी गोळा होतो. मी आलेख काढले, रंगीत. नोव्हेंबरात वॉशिंग्टनमध्ये जमीन तापते म्हणे! इथे या दिवसांत सूर्य दिसला तर लोक गाडी थांबवून फोटो काढतात. पण मॅनेजर ग्रेगला आलेख फार आवडले. "ब्रिलियंट, शारू," तो म्हणाला. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते. शंतनूला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जेवताना मी ती थिअरी दोनदा ऐकवली. तो बिचारा वरणभात कालवत हो हो म्हणाला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ग्रेगने डार्लीनला घरी पाठवलं. चौकशी होईपर्यंत काम नाही. जॉइंट उघडणार, आणि तिची चूक निघाली तर पुढच्या केबलवरही ती नाही. या वयात कामावरून काढलेल्या जॉइंटरला दुसरं कोण घेणार?

जाण्याआधी ती व्हॅनच्या दाराशी आली. ओरडली नाही, आणि तेच मला खटकलं. "तुला खात्री आहे?" एवढंच विचारलं.

"शंभर टक्के," मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस होता. गॅसची टाकी संपत आली होती आणि लायटर दमट झाला होता. मी मागच्या दाराशी बसून टक्‌ केलं. पेटेना. टक्‌, टक्‌. पेटेना. मग चिडून टक्‌ टक्‌ टक्‌ टक्‌.

"शरयूताई!" आतून हिमानी किंचाळली. "लवकर या! दोष वाढतोय! रेघांवर रेघा!"

मी लायटर हातात घेऊनच धावले. पडदा भरला होता. "अगं बाई! आता फुटते की काय ही केबल!" मी म्हटलं आणि हात वर केला, त्यात लायटरचं बटण दाबलं गेलं.

टक्‌. पडद्यावर एक रेघ.

हिमानी लायटरकडे बघत होती. मी तिच्याकडे बघेना. मी हळूच पुन्हा दाबलं.

टक्‌. एक रेघ.

या लायटरात एक स्फटिक असतो, त्यावर छोटा हातोडा बसतो आणि हजारो व्होल्टची ठिणगी पडते. हे मला कसं माहीत? कारण हाच प्रश्न मी मुलाखतीत विचारते. हिमानीलाही विचारला होता. तिने बरोबर उत्तर दिलं म्हणून तर तिला घेतलं! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी बिचारीचं घड्याळ काढून घेतलं आणि स्वतः सेन्सरच्या उशाशी बसून दिवसातून दोनदा विजा पाडत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वर त्या वळशाचे रंगीत आलेख.

"ताई," हिमानी हळूच म्हणाली, "मग डार्लीन?"

तेच माझ्याही डोक्यात आलं होतं. गप्प राहता आलं असतं. लायटर घरी न्यायचा, रेघा थांबल्या म्हणायचं, दोष "आपोआप शांत झाला" अशी दुसरी थिअरी मांडायची. ग्रेगला तीही आवडली असती. मी चहाचं भांडं रिकामं केलं आणि ग्रेगच्या ऑफिसात जाऊन टेबलावर लायटर ठेवला.

ग्रेग आधी समजलाच नाही. मग समजला. मग इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. आजवर माझं नाक इतक्या नीट कुणी कापलं नव्हतं, आणि सुरी माझीच. दुसऱ्या दिवशी सगळ्या साइटवर कळलं होतं. ट्रकवाला मला बघून अंगठ्याने टक्‌ टक्‌ करून दाखवायचा. डार्लीन परत आली. माझ्यासमोर उभी राहिली. मी म्हटलं, "चूक माझी होती. तुझं नाव मी उगाच खराब केलं. सॉरी."

"असतो तरी कसला तो आल्याचा चहा," ती म्हणाली आणि निघून गेली.

लायटर ग्रेगच्या टेबलाच्या खणात कैदेत गेला. चहा बंद. चाचणी पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर पडदा कोरा. दुसरा दिवस, कोरा. मी टीबॅगचं पिवळं पाणी पीत होते आणि तीच माझी लायकी होती.

मग तिसऱ्या दिवशी सकाळी, मी नुसती हात मांडीवर ठेवून बसलेली असताना, एक रेघ आली.

मी हिमानीकडे बघितलं. तिने आपले दोन्ही हात वर केले. मी माझे वर केले. दोन चोरांसारख्या आम्ही बसलो होतो.

यावेळी मी आधी ते बघितलं जे पहिल्यांदाच बघायला हवं होतं. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना एकेक सेन्सर असतो. बाहेरून आलेली ठिणगी दोघांना सारखीच दिसते, दोन्ही रेघा वर. जॉइंटच्या आतून निघालेली एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली दिसते, कारण ती मधून दोन्ही दिशांना पळते. हे हिमानीला मीच शिकवलं होतं. लायटरच्या सगळ्या रेघा दोन्हीकडे वर होत्या. ही एकीकडे वर होती, एकीकडे खाली.

सात नंबरच्या आतून.

मला रडूच आलं, खरंच. हे म्हणजे लांडगा आला रे आला. आत्ताच तर मी त्या बाईला निर्दोष ठरवलं होतं. आत्ताच माझ्यावर हसून सगळे दमले होते. आता परत जाऊन सांगायचं, की नाही, तिच्याच जॉइंटमध्ये, तोच, तिथेच? एक रेघ तर आहे. कोण बघतंय? पण केबल चालू झाली आणि वर्षा-दोन वर्षांनी तिथे फुटली, तर रस्त्याकडेला तेव्हा कोण उभं असेल, हे मला ठरवता येणार नव्हतं. आणखी एक अशीच रेघ दुपारी आली. मी उठले.

ग्रेगने माझं ऐकलं, खण उघडला, लायटर आहे का बघितलं, खण बंद केला. "मग आज काय प्यायलीस?" त्याने विचारलं. खोलीतले सगळे हसले. डार्लीनही तिथेच होती. ती हसली नाही.

"तुला खात्री आहे?" तिने विचारलं. तेच शब्द.

"नाही," मी म्हटलं. "पण आतून येतंय. मला तसं वाटतंय. आणि मी चुकत असले तर बरंच."

ती थोडा वेळ हातमोजा वळवत राहिली. मग ग्रेगला म्हणाली, "उघड तो."

"डार्लीन, तुझा जॉइंट आहे तो."

"माहितेय कुणाचा आहे. मागच्या वेळी ही शंभर टक्के होती. आज नाहीये. उघड."

वीज बंद केली. डीसी केबलचं एक आहे, वीज बंद केली तरी तिच्या अंगात राग उरतो. जमिनीशी जोडून बराच वेळ ठेवावी लागते, मगच हात लावायचा. मी तशीच आहे असं शंतनू म्हणतो. मग खणलं, तंबू ठोकला, आणि डार्लीन स्वतः बसली. मी टोपी घातली. वेणीचा अंबाडा करून, दोन टोप्या एकावर एक. तिने रबराची बाही इंचाइंचाने चिरली. आम्ही तिघं तिच्या मागे उभे होतो. मला आतून वाटत होतं, काही निघू नये. माझी उरलीसुरली अब्रू गेली तरी चालेल.

निघालं. पांढऱ्या इन्सुलेशनवर आडवा एक केस. बोटभर लांबीचा, तुटलेला, तांबूस. त्याच्याभोवती करपल्याची बारीक रेघ.

ग्रेग वाकला. मग त्याने डार्लीनच्या टोपीखालून डोकावणाऱ्या तांबूस बटेकडे बघितलं.

डार्लीन बघतच राहिली. एवढी धिप्पाड बाई एकदम म्हातारी दिसली. "माझाच दिसतोय," ती म्हणाली. "आला शेवटी एक परत." आणि तिने हातमोजा काढून खाली ठेवला, जसा कुणी कायमचा ठेवतो.

मी पुढे वाकले. भिंग लावलं. केसाच्या मुळाशी नखाएवढा भाग पांढराशुभ्र होता, आणि मग एकदम, कात्रीने कापल्यासारखा, तांबूस सुरू होत होता. डार्लीनचे केस मुळापासून तसेच होते. पांढरं संपून रंग सुरू व्हायची अशी सरळ रेघ निसर्ग काढत नाही. ती मेंदी काढते, महिनाभरापूर्वी लावलेली.

हिमानी माझ्याकडे बघत होती. तिच्या आईचेही केस तसेच असणार. तिला कळलं होतं. बाकी कुणाला या जन्मात कळलं नसतं.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मी गप्प राहिले. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते. मग मी तंबूच्या बाहेर गेले, दोन्ही टोप्या काढल्या, अंबाडा सोडला आणि दाराच्या प्लास्टिकमधून वेणी त्यांना दाखवली. मुळं पांढरी, पुढे तांबूस.

"डार्लीन," मी म्हटलं, "तुझा नाही. माझा आहे. तू वेणी म्हणून ओरडली होतीस."

ग्रेग म्हणाला, "शारू, तुला खात्री आहे?"

"शंभर टक्के."

बाहेर पाऊस होता आणि मी डोकं उघडं टाकून उभी. डार्लीन आतून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता ओरडेल. मला हवंच होतं ते. तिने खाली ठेवलेला हातमोजा उचलला, हातात चढवला, आणि म्हणाली, "टोपी घाल. आणि तिथेच थांब. आत यायचं नाही."

मी थांबले. संध्याकाळपर्यंत थांबले. ग्रेगने अहवालात काय लिहिलं ते मी सांगत नाही, तुम्ही आधीच पुष्कळ हसलाय. माझी नोकरी राहिली, एवढं खरं. जॉइंट नवा झाला, चाचणी झाली, पडदा आठवडाभर कोरा राहिला, आणि केबल चालू आहे.

निघायच्या दिवशी दुसऱ्या साइटचे काही जॉइंटर आले होते. मी व्हॅनमागे चहा उकळत होते, गॅस काडेपेटीने पेटवून. डार्लीनने मागून घेतला होता, आलं जास्त. त्यातल्या एकाने तिला विचारलं, "तुझा एकही जॉइंट कधी परत आला नाही म्हणतात, खरं का?"

"एक आला," ती म्हणाली, आणि कप माझ्या दिशेने केला. "पण तो हिचा होता."

मी टोपी कानांपर्यंत ओढली आणि चहा गाळायला घेतला.